काबर?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)





मंडळाचे कार्यकर्ते आमंत्रण घेऊन आले तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. या व्यासपीठावरून प्राध्यापक, डॉक्टर, कीर्तनकार बोलतात. मी डिप्लोमा झालेला, रेल्वेच्या परमनंट वे खात्यातला, म्हणजे सोप्या भाषेत रूळ सांभाळणारा माणूस. वीस-बावीस वर्षं रुळांच्या कडेने चालण्यात गेली. पण विषय ऐकला, ‘शिकताना आणि रोजच्या जगण्यात प्रश्न आणि निरीक्षण’, आणि वाटलं की या विषयावर उपदेश करण्यासारखं माझ्याकडे काही नसलं, तरी कबूल करण्यासारखं आहे. दोन गोष्टी आहेत. एक माझ्या मुलीची, एक आमच्या एका की-मॅनची. दोन्हींत चूक माझी आहे.

आधी शीर्षकाबद्दल. आपण मराठी माणसं नोकरीधंद्याच्या निमित्ताने छत्तीसगढात आलो, काहींच्या तर तीन-चार पिढ्या इथे झाल्या. ‘काबर’ हा शब्द त्यांना नवा नाही. जे नवीन आले असतील त्यांच्यासाठी सांगतो, छत्तीसगढीत ‘का?’, ‘कशासाठी?’ याला ‘काबर?’ म्हणतात. हा शब्द मला एका माणसाने शिकवला. त्याची गोष्ट पुढे येईलच.

पहिली गोष्ट मुलीची.

मी लहान असताना वडिलांबरोबर गाडीने जायचो तेव्हा एक खेळ असायचा. वडील हातातलं घड्याळ काढून द्यायचे आणि म्हणायचे, सत्तेचाळीस सेकंद मोज, तेवढ्या वेळात चाकांची ‘खटक’ किती वेळा ऐकू येते ते सांग. समजा पंचावन्न वेळा आली, तर गाडीचा वेग ताशी पंचावन्न किलोमीटर. मला ती जादूच वाटायची. पुढे डिप्लोमाला गेल्यावर कोडं सुटलं. रुळाचा तुकडा १३ मीटरचा. दर १३ मीटरला एक सांधा, सांध्यावर चाक गेलं की एक खटक. आता गणित मांडलं की ४६.८ सेकंद येतात. त्या वेळात जितक्या खटका, तितका ताशी वेग. जादू नव्हतीच, नुसता भागाकार होता. पण त्या भागाकारानेच मला रुळांच्या नादाला लावलं असं मी म्हणेन.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरला जाताना मी तोच खेळ मुलीला शिकवायला गेलो. तिने मोबाईलमध्ये वेळ लावली, कान देऊन बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “बाबा, खटक येतच नाही. नुसतं घुंऽऽ येतंय. स्टेशन आलं की तेवढं खडखडतं.” मी हसलो. म्हटलं, बरोबर आहे, आता रूळ वेल्डिंग करून जोडलेले असतात, सांधेच नाहीत. स्टेशनात काटे असतात, तिथे खडखडतं. तिने लगेच विचारलं, “मग उन्हाळ्यात रूळ वाढतात ते कुठे जातात?” मी नागपूर येईपर्यंत तिला समजावत होतो. तो प्रवास छान झाला.

गेल्या वर्षी शाळेच्या परीक्षेत तिला प्रश्न आला, ‘रेल्वेच्या रुळांमध्ये फट का ठेवतात?’ तिने लिहिलं, पूर्वी ठेवत असत, कारण उष्णतेने लोखंड प्रसरण पावतं. आता मुख्य मार्गांवर बहुतेक ठिकाणी रूळ जोडलेले असतात आणि फट नसते. दोनापैकी शून्य मार्क. शेजारी लाल पेनाने पुस्तकातलं वाक्य लिहिलेलं.

ती पेपर घेऊन माझ्याकडे आली. मी रात्रीचा ब्लॉक संपवून आलेलो, डोळ्यांवर झोप. म्हणालो, “परीक्षेत पुस्तकात आहे तेच लिहायचं असतं. उगाच शहाणपणा करायचा नाही.” ती म्हणाली, “पण बाबा, पुस्तकातलं खरं, की तुम्ही रोज बघता ते खरं?” मी म्हटलं, “जा, अभ्यास कर.”

एवढंच झालं. कोणी रडलं नाही, कोणी ओरडलं नाही. पण पुढच्या वेळी नागपूरला जाताना तिने कानात इअरफोन घातले आणि खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण काय केलंय.

आता तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर काय, ते थोडक्यात सांगतो. मुलांनी नीट ऐका, आणि मोठ्यांनीही.

पोलाद तापलं की वाढतं, यात खोटं काही नाही. १३ मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला तर सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. म्हणून जुन्या रस्त्यांवर दोन रुळांत फट ठेवत आणि फिशप्लेटने ते जोडत. आजही यार्डांत, सायडिंगला असे सांधे दिसतात. पण सांधा ही रुळाची सर्वांत दुबळी जागा. चाक आपटतं, टोकं चेपतात, बोल्ट ढिले होतात, खाली खडी बसते. आमची निम्मी मेहनत सांध्यांवर जायची. म्हणून मग रूळ वेल्डिंग करून किलोमीटरच्या किलोमीटर अखंड करायचे ठरलं.

मग वाढ कुठे जाते? अखंड १ किलोमीटर रूळ जमिनीवर मोकळा टाकला आणि २५ अंशांनी तापला, तर तो सुमारे २९ सेंटीमीटर वाढेल. जवळजवळ एक फूट. पण आमचा रूळ मोकळा नसतो. एका किलोमीटरमध्ये १६६० काँक्रीटचे स्लीपर, एकेक अडीचशे किलोहून जड. प्रत्येक स्लीपरला रूळ पोलादी क्लिपांनी आवळलेला. आणि स्लीपर खडीत रुतलेले, दोन्ही टोकांना खडीचे खांदे भरलेले. रुळाला वाढायचं असतं, पण हे सगळे मिळून त्याला वाढू देत नाहीत. मधल्या भागातला रूळ तसूभरही सरकत नाही. फक्त दोन्ही टोकांचे शंभरेक मीटर श्वास घेतल्यासारखे पुढे-मागे होतात. तिथे आम्ही खास सरकते सांधे बसवतो.

वाढ झाली नाही म्हणजे जोर नाहीसा झाला असं मात्र नाही. तो रुळाच्या पोटात साठतो. ६० किलोचा रूळ, म्हणजे दर मीटरला ६० किलो वजनाचा, एका अंशाने तापला की त्यात सुमारे १.९ टन दाब तयार होतो. समजा रूळ ४० अंशांना बसवला आणि मे महिन्यात दुपारी ६५ अंशांवर गेला, तर एकेका रुळात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस टनांचा दाब. हवा ४५ अंश असली तरी उन्हात पडलेला रूळ साठच्या वर सहज जातो. हिवाळ्यात उलट. रूळ आखडायला बघतो, ताण येतो आणि कुठे बारीक चीर असली तर रूळ तुटतो. म्हणून आमची गस्त उन्हाळ्यात भर दुपारी आणि थंडीत पहाटे असते.

ही माझ्या हातात प्लॅस्टिकची पट्टी आहे. दोन तळव्यांमध्ये धरून दोन्हीकडून दाबतो. बघा, कुठे वाकली? बाजूला. आता बाळ, तू मध्ये दोन्हीकडून बोटं लाव. आता दाबतो. नाही वाकत. ती बोटं म्हणजे आमची खडी. स्लीपरच्या टोकाशी जो खडीचा ढीग दिसतो तो शोभेचा नसतो. तो गेला की रूळ भर उन्हात बाजूला फेकला जाऊ शकतो, सापासारखा वळतो. यालाच आम्ही बकलिंग म्हणतो. आणि त्याच्यावरून गाडी गेली तर काय होईल ते सांगायला नको.

एवढं सगळं एका मुलीच्या ‘मग वाढ कुठे जाते?’ या प्रश्नात होतं. आणि मी तिला म्हटलं, शहाणपणा करू नको.

आता दुसरी गोष्ट. ती खरं तर आधी घडलेली आहे, २००८ सालची. म्हणजे मी एकदा धडा घेऊनही घरी पुन्हा तीच चूक केली. म्हणून तर ही कबुली.

तेव्हा मी नोकरीत नवा होतो, एका छोट्या स्टेशनावर ज्युनियर इंजिनियर. माझ्या हाताखाली जे की-मॅन होते त्यांच्यापैकी एक वयाने माझ्या वडिलांएवढे. सगळे त्यांना ‘दाऊ’ म्हणत. की-मॅनचं काम काय असतं? खांद्यावर हातोडा, हातात पाना, आणि रोज ठरलेला सहा-सात किलोमीटरचा पट्टा पायी. सुटलेली क्लिप बसवायची, ढिला बोल्ट आवळायचा, रुळावर नजर ठेवायची. दाऊ फारसे शिकलेले नव्हते. पण चालता चालता थांबायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, “काबर?” इथली क्लिप दर आठवड्याला काबर सुटते? या स्लीपरखाली पाणी काबर साचतं? मला सुरुवातीला गंमत वाटायची, नंतर कंटाळा यायला लागला.

एप्रिल महिना होता. दाऊ येऊन म्हणाले, “साहब, उस पुलिया के आगे की गिट्टी टिकती नहीं। भरते हैं, आठ दिन में फिर बाजू उतर जाती है। बस वहीं। काबर?”

मी वहीत बघत होतो. म्हटलं, “गिट्टी कमी झाली तर गिट्टी टाका. काबर-बिबर काय? तुमचं काम आहे ते करा.” ते ‘जी साहब’ म्हणून गेले. खडी टाकली. दोन आठवड्यांनी पुन्हा आले, तेच सांगितलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा ते विचारायला आले नाहीत.

मे महिन्याच्या मध्यावर एके दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला स्टेशनातून फोन आला, अमुक किलोमीटरला मालगाडी उभी केली आहे, लाईनमध्ये फरक आहे. मी ट्रॉली घेऊन धावलो. जाऊन बघतो तर पुलियाच्या पुढे तीन-चार स्लीपरच्या लांबीत रूळ सरळ रेषेतून बाहेर गेलेला. फार नाही, दोन बोटं. पण अशी सुरुवात झाली की पुढच्या गाडीखाली तो किती जाईल सांगता येत नाही. रुळाचं तापमान घेतलं, ६४ अंश. स्लीपरच्या टोकाशी खडी जवळजवळ नाहीच.

आणि तिकडे लांब, १२०० मीटरवर, रुळावर पटाखे लावून, हातात लाल झेंडी घेऊन दाऊ उभे. अंगावरचा शर्ट घामाने भिजून पुन्हा वाळलेला, वर मिठाचे पांढरे डाग. पन्नाशी उलटलेला माणूस त्या उन्हात बाराशे मीटर पळत गेला होता. मालगाडी त्यांच्यापुढे थांबलेली.

रूळ थंड होईपर्यंत थांबलो, खडी भरली, लाईन सरळ केली आणि गाड्या हळू चालवल्या. संध्याकाळी सगळं निस्तरल्यावर माझ्या डोक्यात प्रश्न आला. दाऊंची ड्युटी सकाळची. त्यांचा पट्टा दुपारच्या आत संपतो. मग अडीच वाजता ते तिथे कसे?

मी विचारलं. ते म्हणाले, “साहब, आपने तो बताया नहीं काबर। तो देखने गया था।”

टोमणा नव्हता. माणूस खरं तेच सांगत होता. डोक्यात प्रश्न होता, उत्तर मिळालं नव्हतं, म्हणून जेवण झाल्यावर ते भर उन्हात पुन्हा त्या जागी जाऊन बसले होते, खडी कोण हलवतं ते बघायला. बघत असताना रूळ सरकलेला त्यांना दिसला.

मी पुष्कळदा विचार करतो. माझ्याकडे थर्मामीटर होता, नियमांची पुस्तकं होती, खडी किती असावी याचे आकडे पाठ होते. त्या जागेवरून मीही आठवड्यातून दोनदा जात होतो. खडी उतरलेली मलाही दिसत होती. पण मी ती ‘कमी झालेली खडी’ म्हणून बघत होतो. दाऊ ‘इथेच काबर?’ म्हणून बघत होते. डोळे दोघांनाही होते. फरक प्रश्नाचा होता. आपण म्हणतो, आधी निरीक्षण, मग प्रश्न. माझा अनुभव असा की ज्याच्या मनात प्रश्न असतो तोच नीट बघतो. बाकीचे नुसते जवळून जातात.

उत्तर काय निघालं? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या जागी गेलो. थोड्या वेळात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा म्हशी घेऊन आला आणि रूळ ओलांडून पलीकडच्या तलावाकडे निघाला. पंधरा-वीस म्हशी, खडीचा खांदा तुडवत. दाऊंनी त्याला थांबवून विचारलं, इथूनच काबर नेतोस? तो म्हणाला, “पहले तो पुलिया के नीचे से जाते थे। बरसात में मिट्टी भर गई।”

झालं. पुलिया गाळाने बुजली, म्हणून म्हशी वरून जायला लागल्या, म्हणून खडी उतरायला लागली, म्हणून रुळाचा आधार गेला. आम्ही आठवड्याला खडी टाकत होतो आणि म्हशी ती आठवडाभर उतरवत होत्या. गँग लावून दोन दिवसांत पुलिया साफ केली. म्हशी पुन्हा खालून जायला लागल्या. त्यानंतर मी तिथे असेपर्यंत त्या जागी वेगळी खडी टाकावी लागली नाही. जे उत्तर माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं, ते म्हशींमागच्या पोराला माहीत होतं. फक्त त्याला कोणी विचारलं नव्हतं.

कबुली अजून पूर्ण झालेली नाही. घटनेचा अहवाल मी लिहिला. त्यात लिहिलं, ‘खडीची कमतरता’. वेळेवर गाडी थांबवल्याबद्दल दाऊंना रोख बक्षीस मिळालं, आणि तातडीने काम केल्याबद्दल माझंही कौतुक झालं. पण त्यांनी मला महिनाभर आधी दोनदा सांगितलं होतं, हे मी कुठेच लिहिलं नाही. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दाऊ २०१४ साली निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी त्यांच्या गळ्यात हार घातला, भाषण केलं, त्यातही हे सांगायचं राहिलं. ते राहिलं की मी राहू दिलं, ते मला माहीत आहे. आज एवढ्या माणसांसमोर पहिल्यांदा बोलतो आहे.

मित्रहो, खालच्याला विचारायची लाज आपल्यात फार. साहेबाने हाताखालच्याला विचारायचं नाही, बापाने मुलाला विचारायचं नाही, शिकलेल्याने अडाण्याला विचारायचं नाही. या बाबतीत मला दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं उदाहरण आठवतं. गोव्यात जन्मलेला हा माणूस गणिताचा मोठा पंडित. पुण्याहून मुंबईला नोकरीसाठी डेक्कन क्वीनने ये-जा करायचा, म्हणजे आपल्या रेल्वेचाच प्रवासी. पण इतिहासाचा अभ्यास त्यांनी नुसता ग्रंथालयात बसून केला नाही. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवल्या. शेंदूर फासलेले दगड, म्हसोबा, वेताळ, देवीची ठाणी बघितली आणि तिथल्याच शेतकऱ्यांना, मेंढपाळांना विचारलं. कार्ला, भाजे, जुन्नर इथली लेणी नेमकी तिथेच का, हा प्रश्न घेऊन बघितल्यावर त्यांना दिसलं की कोकणातल्या बंदरांकडून घाट चढून येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटा त्यांच्या जवळूनच जातात. लेणी तर आपण सगळ्यांनी सहलीला जाऊन बघितलेली असतात. पण ‘इथेच का?’ हे किती जणांनी विचारलं? दाऊंचा प्रश्नही तोच होता, ‘बस वहीं, काबर?’

आता थोडं कामाचं बोलतो. त्या घटनेनंतर मी गँगच्या वहीत एक जादा रकाना आखला. डावीकडे काय दिसलं, कुठे, किती वाजता. उजवीकडे ‘काबर?’. पहिले काही महिने उजवा रकाना रिकामाच राहिला. वर्षानुवर्षं गप्प बसवलेली माणसं एका रकान्याने बोलायला लागत नाहीत. मग मी स्वतःच माझे प्रश्न लिहायला लागलो, अगदी बावळट वाटतील असेसुद्धा. साहेबालाही येत नाही म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. आजही त्या रकान्यातल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. काही प्रश्न विनोदी असतात. पण वर्षातून दोन-तीन असे निघतात की त्यांनी सगळ्या रकान्याचे पैसे वसूल होतात.

या इतक्या वर्षांत तीन गोष्टी माझ्या लक्षात आल्या, त्या सांगतो.

पहिली, जे दिसलं ते आणि जे वाटलं ते वेगळं लिहावं. ‘खडी कमी’ हे अर्धवट आहे. ‘पुलियाच्या पुढे, डाव्या बाजूला, वीस पावलं, आठ दिवसांत उतरली’ हे निरीक्षण. असं लिहिलं की अर्धा प्रश्न आपोआप पुढे उभा राहतो.

दुसरी, ‘का?’ बरोबर ‘इथेच का?’ आणि ‘आत्ताच का?’ हेही विचारावं. दूध नासलं, तर आजच का? मुलाचा अभ्यास मागे पडला, तर याच विषयात का, याच महिन्यापासून का? नुसत्या ‘का’ला माणूस काहीही उत्तर देतो. ‘इथेच का’ म्हटलं की तिथे जाऊन बघावं लागतं.

तिसरी, प्रश्नाला वेळ असते. रूळ वाकलेला दिसल्यावर दाऊ ‘काबर’ म्हणत बसले नाहीत. आधी लाल झेंडी घेऊन पळाले. काबर दुसऱ्या दिवशी. घरात कोणी आजारी पडलं तर आधी डॉक्टरकडे न्यावं, कारणं नंतर शोधावीत. पण वेळ टळली म्हणून प्रश्न सोडून मात्र देऊ नये. आपण बहुतेक वेळा तेच करतो. गाडी सुरू झाली की विसरून जातो.

मुलीचं पुढे काय झालं, ते तुम्हाला ऐकायचं असेल. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “ठीक आहे बाबा, पण मग तुम्ही सरांना का नाही सांगितलं? तुम्हाला तर माहीत होतं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून शाळेत गेलो. भांडायला नाही. सरळ सांगितलं की मी रुळाचंच काम करतो, पुस्तकातलं उत्तर जुन्या सांध्यांपुरतं खरं आहे, आजच्या अखंड रुळांची गोष्ट अशी अशी आहे. हीच पट्टी दाबून दाखवली. शिक्षक भले गृहस्थ निघाले. म्हणाले, “हे मला आजपर्यंत कोणी सांगितलंच नाही, आणि मीही कधी खाली वाकून बघितलं नाही.” त्यांनी वर्गात ते समजावून सांगितलं. मार्क काही वाढले नाहीत, आणि तिनेही पुन्हा मागितले नाहीत.

आमच्याकडे लाईनवर मशीन चालवून खडी हलवली की ती लगेच पक्की होत नाही. वरून गाड्या जाव्या लागतात, काही दिवस हळू चालवाव्या लागतात, मग खडी बसते. माझं आणि मुलीचं सध्या तसंच चाललंय. परवा आरती झाल्यावर तिने विचारलं, “बाबा, झांजा वाजवून वाजवून गरम का होतात?” मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, खरंच होतात का, उद्या वाजवायच्या आधी आणि नंतर हात लावून बघू. ती आज इथेच बसली आहे. झांजा तिच्याकडेच आहेत.

समारोपाला येतो. मंडळाला एक विनंती आहे. गेल्या वर्षी विसर्जनानंतर काही मुलांनी तलावाच्या काठावर मूर्तींचे हात, सोंड तशीच पडलेली बघितली आणि घरी जाऊन विचारलं, बाप्पा गेले नाहीत का? आपण बहुतेकांनी ‘असं बोलू नये’ म्हणून त्यांना गप्प केलं. यंदा गप्प करू नका. मांडवाच्या मागे पाण्याच्या दोन बादल्या ठेवू. एकीत शाडूच्या मातीचा लहान गोळा, दुसरीत तेवढाच प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा तुकडा. मुलांनी सकाळ-संध्याकाळ आरतीच्या वेळी बघायचं आणि वहीत लिहायचं, काय दिसलं, किती वाजता. अनंत चतुर्दशीपर्यंत त्यांचं त्यांनाच कळेल. पुढच्या वर्षी मूर्ती कशाची आणायची, हे मग कार्यकारिणीने त्या वहीवरून ठरवावं.

आणि मुलांना एक ताकीद. माझं भाषण ऐकून कोणी रूळ बघायला लाईनवर जायचं नाही. तो गुन्हाही आहे आणि जिवाला धोकाही. प्लॅटफॉर्मवरून बघा, गाडीच्या खिडकीतून बघा. खटक ऐकू येत नसेल तर किलोमीटरचे दगड बघा. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत छत्तीस सेकंद लागले तर वेग किती, ते घरी जाऊन आईबाबांना विचारा. त्यांना आलं नाही तर त्यांना बरोबर घेऊन गणित मांडा.

आपल्या बाप्पाचे डोळे बारीक आणि कान सुपाएवढे. बारीक नजरेने बघावं आणि समोरचा लहान असो की अडाणी, त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं, असा अर्थ आपल्याकडे सांगतात. मी तो अर्थ लहानपणापासून ऐकत आलो. कळायला मला एक की-मॅन, म्हशींमागचा एक मुलगा आणि माझी मुलगी लागली.

कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. आज मी ‘जा, अभ्यास कर’ म्हणणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!